सभा न उधळता विरोध : कॉलेजात पहिल्यांदाच निदर्शनं करणाऱ्यांसाठी

एसवायला असताना आम्ही एक व्याख्यान बंद पाडलं होतं. मध्य मुंबईतलं कॉलेज, दुपारी तीनची वेळ, वाङ्मय मंडळाने बोलावलेले पाहुणे. आंतरजातीय लग्नांच्या विरोधात बोलणारे म्हणून ते ओळखले जायचे. आम्ही साठ-सत्तर जण हॉलच्या मागच्या रांगांत बसलो, त्यांनी ‘विद्यार्थी मित्रहो’ म्हटल्याबरोबर उभे राहिलो आणि बाराव्या मिनिटाला त्यांना मागच्या दाराने नेईपर्यंत घोषणा थांबवल्या नाहीत. मग कट्ट्यावर चहा, टाळ्या, फोटो. तेवढ्यात एफवायची एक मुलगी जवळ आली. ती कल्याणच्याही पुढच्या आसनगावहून यायची. सकाळची लेक्चर्स साडेअकराला संपल्यावर ती या व्याख्यानासाठी कॅन्टीनमध्ये थांबून राहिली होती. हातात वहीचं फाडलेलं पान. ‘माझा प्रश्न राहिला,’ एवढंच म्हणाली. मी पान मागून घेतलं. त्यावर लिहिलं होतं : ‘आंतरजातीय घरातली मुलं गोंधळलेली निपजतात, असं तुम्ही म्हणालात. माझे आई-बाबा वेगवेगळ्या जातींचे आहेत. मी तुमच्यासमोर उभी आहे. माझ्यात काय गोंधळलेलं दिसतंय ते सांगा.’

आमच्या बारा मिनिटांच्या घोषणांत या प्रश्नाच्या जवळ जाईल असं एकही वाक्य नव्हतं. तो प्रश्न आणि त्यावर त्या गृहस्थांना काय बोलता आलं असतं, हे दोन्ही आम्ही दोनशे मुलांपासून हिरावून घेतलं. त्यानंतर मी बऱ्याच निदर्शनांत उभी राहिले, काही स्वतः उभी केली. तेव्हापासून एकच पथ्य पाळते : विरोध कितीही कडवा असो, भाषण पूर्ण होऊ द्यायचं. यंदा पहिल्यांदा फलक हातात घेणाऱ्यांसाठी त्या पथ्याचा व्यवहार इथे लिहिते आहे.

हॉलमध्ये कोणाकोणाचे हक्क असतात

राज्यघटनेच्या १९व्या अनुच्छेदात पहिलं स्वातंत्र्य भाषणाचं आणि अभिव्यक्तीचं आहे. त्याला लागून दुसरं आहे ते शांततेने आणि शस्त्रांशिवाय एकत्र जमण्याचं. म्हणजे वक्त्याचं बोलणं आणि तुमचं बाहेर उभं राहणं ही शेजारशेजारची स्वातंत्र्यं आहेत. एकाची भिंत पाडली तर दुसऱ्याचं घरही उघडं पडतं. हॉलमध्ये तिसराही एक पक्ष असतो आणि नवे कार्यकर्ते त्याला हमखास विसरतात. तो म्हणजे श्रोता. त्यातले काही वक्त्याचे चाहते असतात, काही तुमच्यासारखेच चिडलेले असतात आणि बरेचसे अजून काही ठरवलेलं नसल्यामुळेच आलेले असतात. या शेवटच्यांसाठीच तर तुमचा सगळा खटाटोप आहे.

एक गोष्ट स्पष्ट करते. कॉलेजच्या व्यासपीठावर बोलावणं मिळण्याचा घटनादत्त हक्क कोणालाच नाही. कोणाला बोलवायचं हे मंडळ, विभाग किंवा प्राचार्य ठरवतात आणि त्या निवडीवर टीका करायला तुम्ही मोकळे आहात. ‘या माणसाला का बोलावलं?’ हा विचारण्याजोगा प्रश्न आहे. ‘बोलावलंत तर बघून घेऊ’ ही मात्र धमकी झाली. पहिल्यापासून दुसऱ्यापर्यंत घसरायला व्हॉट्सॲप ग्रुपवर दहा मिनिटंही लागत नाहीत.

दुसरी गोष्ट जपून ऐका. मूलभूत हक्क मुख्यतः सरकारविरुद्ध चालतात. खासगी कॉलेजात तुम्हाला आधी लागू होतात ते प्रवेशाच्या वेळी सही केलेले शिस्तीचे नियम. ते काढून वाचा. २०२४ मध्ये देवनारच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेने एका पीएच.डी. विद्यार्थ्याला निदर्शनांत भाग घेतल्याच्या आणि इतर आरोपांवरून दोन वर्षांसाठी निलंबित केलं. मुंबई उच्च न्यायालयात त्याला दिलासा मिळाला नाही. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निलंबनाचा भोगून झालेला काळ पुरेसा धरला आणि त्याचा पुढचा मार्ग मोकळा केला. पण मधलं वर्ष गेलं ते गेलंच. हे तुम्हाला घाबरवायला सांगत नाही. स्कॉलरशिपवर शिकणाऱ्या मैत्रिणीला पुढच्या रांगेत उभं करण्याआधी तिला हे माहीत असायला हवं.

रेषा कुठे असते

‘पण हा माणूस द्वेषच पसरवतो, त्याला कसलं स्वातंत्र्य?’ हा प्रश्न प्रत्येक बैठकीत येतो आणि यायलाच हवा. त्याचं उत्तर शोधायला फार लांब जावं लागत नाही. नोव्हेंबर २०१२ मध्ये मुंबई बंदबद्दलच्या एका फेसबुक पोस्टवरून पालघरच्या दोन तरुणींना अटक झाली होती. त्यानंतर न्यायालयात गेलेल्या श्रेया सिंघल खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०१५ मध्ये माहिती तंत्रज्ञान कायद्याचं ६६अ कलम, म्हणजे ऑनलाइन ‘आक्षेपार्ह’ मजकुराला गुन्हा ठरवणारं कलम, रद्द केलं. त्या निकालातल्या तीन पायऱ्या पाठ करून ठेवा : चर्चा, पुरस्कार आणि चिथावणी. एखाद्या मताची चर्चा करणं किंवा त्याचा जोरदार पुरस्कार करणं, ते मत कितीही अप्रिय असलं तरी, संरक्षित आहे. बंधन घालण्याचा प्रश्न चिथावणीपाशी सुरू होतो.

तेव्हा वक्त्याची जुनी भाषणं ऐकताना स्वतःला विचारा : हा माणूस आपल्याला न पटणारं मत मांडतोय, की अमक्यांना मारा, तमक्यांना हाकला म्हणून लोकांना उठवतोय? मतच असेल तर हा लेख पुढे वाचा. चिथावणी असेल, किंवा कोणा विद्यार्थ्याचं नाव घेऊन त्याच्यामागे झुंड लावली जात असेल, तर भाषणाची तारीख, वेळ आणि नेमके शब्द टिपून प्राचार्यांकडे आणि पोलिसांकडे लेखी तक्रार करा. अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्तीचा चारचौघांत जातीवरून जाणूनबुजून अपमान झाला तर १९८९चा अत्याचार प्रतिबंधक कायदा आहे. तिथेही काम कायद्याकडून करून घ्यायचं असतं, आपल्या गर्दीकडून नाही.

आधी त्याचं म्हणणं त्याच्या तोंडून ऐका

चाळीस सेकंदांच्या रीलवर निदर्शनं उभी करू नका. निदान एक भाषण सुरुवातीपासून शेवटपर्यंत ऐका, लेख असेल तर वाचा. मग त्याचं म्हणणं तीन वाक्यांत असं लिहा की त्याच्या समर्थकाला दाखवलं तर तो म्हणेल, ‘हो, हेच म्हणतात ते.’ आपल्याकडच्या शास्त्रचर्चेत आधी पूर्वपक्ष मांडायचा, समोरच्याची बाजू तिच्या पूर्ण बळानिशी ठेवायची आणि मगच खंडनाला हात घालायचा, असा रिवाज होता. त्याचा उपयोग आजही तोच आहे. दोनदा माझ्यासमोर असं झालं की पूर्वपक्ष लिहिताना आमच्यातल्याच निम्म्या जणांच्या लक्षात आलं, आपला राग या वक्त्यावर नाही, कार्यक्रमात दुसरी बाजूच ठेवलेली नाही यावर आहे. मागणीच बदलली. एकदा ती आयोजकांनी मान्यही केली आणि निदर्शनांची गरजच उरली नाही.

यानंतर ठरवा की तुम्हाला बोलायचंय कोणाशी. आयोजकांशी असेल तर निवेदन. श्रोत्यांशी असेल तर पत्रक. वक्त्याशी असेल तर प्रश्न. घोषणा या तिघांपर्यंतही सगळ्यात कमी पोचते, हे सहसा घसा बसल्यावर कळतं.

निवेदन असं द्या

कार्यक्रमाच्या निदान चार दिवस आधी. प्राचार्यांच्या नावे, एक प्रत आयोजक मंडळाच्या प्रभारी प्राध्यापकांना. प्रत्येकाच्या दोन प्रती काढा आणि आपल्याकडच्या प्रतीवर ऑफिसचा शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घ्या. ‘ठेवून जा, सरांना देते’ म्हटलं तरी नम्रपणे थांबून पोच घ्याच. पुढे काही वाद झाला तर तुम्ही आधी कळवलं होतं याचा तेवढाच पुरावा असतो.

मजकूर एका पानात बसवा. मी साधारण असा लिहिते : ‘येत्या शुक्रवारी होणाऱ्या व्याख्यानाच्या वक्त्यांच्या मतांशी आम्ही असहमत आहोत. व्याख्यान रद्द करावं अशी आमची मागणी नाही. आमच्या विनंत्या अशा : भाषणानंतर किमान वीस मिनिटं खुल्या प्रश्नोत्तरांसाठी ठेवावीत, प्रश्न चिठ्ठीवर घेऊन निवडले जाऊ नयेत, हॉलबाहेर दाराचा मार्ग मोकळा ठेवून आम्हाला शांतपणे फलक घेऊन उभं राहू द्यावं, आणि याच विषयावर दुसरी बाजू मांडणाऱ्या वक्त्यांसाठी पुढच्या पंधरवड्यात हॉल मिळावा. आमच्याकडून कार्यक्रमात व्यत्यय येणार नाही याची जबाबदारी खाली सही करणारे घेत आहेत.’

‘रद्द करावं अशी मागणी नाही’ हे वाक्य काढून टाकायचा आग्रह ग्रुपमध्ये कोणीतरी धरेल. काढू नका. त्या एका वाक्यामुळे प्राचार्य तुमच्याशी बोलायला बसतात. मला याचा अनुभव आहे.

जागा, फलक, पाऊस

कॉलेजच्या फाटकाच्या आत कॉलेजचे नियम, बाहेर पाऊल टाकलं की पोलिसांचे. मुंबईत पोलीस उपायुक्त महाराष्ट्र पोलीस कायदा १९५१च्या ३७व्या कलमाखाली पाच किंवा अधिक जणांच्या जमावावर बंदीचे आदेश वारंवार काढतात, मुदत संपली की नवा आदेश येतो. त्यामुळे ‘आम्ही तर फक्त फुटपाथवर उभे होतो’ हा बचाव लंगडा पडतो. फाटकाबाहेर उभं राहायचं असेल तर स्थानिक पोलीस ठाण्यात वरिष्ठ निरीक्षकांच्या नावे पत्र देऊन या आणि त्याचीही पोच घ्या. जास्त कॉलेजं एकत्र येणार असतील तर आझाद मैदानाशिवाय दुसऱ्या जागेचा विचार करू नका. माझा सल्ला मात्र पहिल्या वेळेला फाटकाच्या आतच राहण्याचा आहे.

लाउडस्पीकर नको. ध्वनिप्रदूषण नियम २००० प्रमाणे त्याला लेखी परवानगी लागते, शैक्षणिक संस्था आणि रुग्णालयांच्या आसपास तर अधिकच बंधनं आहेत. आणि शेजारच्या वर्गात एटीकेटीचा पेपर चालू असला तर तुमच्या बाजूची मुलंही तुमच्यावर चिडतील.

फलकांना काठी लावू नका. ‘शस्त्रांशिवाय’ हा घटनेतला शब्द आठवा. बांबूची काठी घोषणा देताना निरुपद्रवी वाटते, पण रेटारेटीत तिचं काय होतं आणि पंचनाम्यात तिचं वर्णन कसं येतं, हे दोन्ही वेगळं असतं. शिवाय संध्याकाळी लोकलच्या गर्दीत ती घेऊन कोण जाणार? जाड कार्डशीट छातीशी धरता येईल एवढीच कापा. जुलै-ऑगस्टमध्ये पोस्टर कलर वापरलात तर पहिल्या सरीत सगळं ओघळेल. जाड मार्कर वापरा आणि वरून पारदर्शक प्लॅस्टिक लावा. भिंतीला लावायचे असतील तर कागदी टेप घ्या. साध्या सेलोटेपने रंग निघतो आणि तो खरवडायला शिपाईमामांना लावतात.

फलकावर माणसाचं दिसणं, जात, धर्म, घरचे लोक यातलं काही नको. मतावर लिहा. मला आवडलेला एक फलक असा होता : ‘तुमचं म्हणणं ऐकलं. पटलं नाही. आत येऊन विचारणार आहोत.’ पुतळा जाळणं, ‘जोडे मारो’, प्रतीकात्मक प्रेतयात्रा हे आपल्याकडे निदर्शनांचे ठरलेले प्रकार झाले आहेत. ते कॉलेजात आणू नका. आगरकरांची पुण्यात ते जिवंत असताना प्रेतयात्रा काढली गेली. त्या प्रेतयात्रेने ‘सुधारक’मधल्या एका तरी मुद्द्याला उत्तर मिळालं का? आगरकर लिहीत राहिले, आणि आज आपण वाचतो ते त्यांना.

दाराशी उभं राहताना दोन माणसं सहज जातील एवढी वाट मोकळी ठेवा. आत जाणाऱ्यांचे फोटो काढू नका, व्हिडिओ घेऊ नका, ‘लाज वाटते का’ असं ओरडू नका. उद्या सकाळी सातच्या लेक्चरला ती मुलं तुमच्याच बाकावर असणार आहेत.

आणखी एक, आपल्या कॉलेजांत खास ध्यानात ठेवण्याजोगं. ज्युनिअर आणि सीनिअर कॉलेज बहुतेक ठिकाणी एकाच इमारतीत असतं. अकरावी-बारावीची मुलं उत्साहाने येतात. अठरा पूर्ण नसलेल्यांना पुढे उभं करू नका, त्यांची सही निवेदनावर घेऊ नका. प्रश्न विचारायला मात्र जरूर न्या.

हॉलच्या आत

दंडाला काळी फीत बांधून बसणं, भाषण सुरू होताना पाठ फिरवून उभं राहणं, ठरलेल्या क्षणी शांतपणे सभात्याग करणं, एखाद्या वाक्यावर ‘नाही, नाही’ असा उमटलेला स्वर, हे सगळं चालतं. सभा म्हटली की एवढी कुरबूर यायचीच, आणि जो आयोजक तेवढ्यावरून मुलांना बाहेर काढतो तोही चुकतो. उभं राहायचं असेल तर मागे किंवा कडेला राहा. तुमच्या फलकाने मागच्याचा मंच झाकला, की तुम्ही त्याचं पाहणं अडवलंत.

२०१९ मध्ये यवतमाळच्या मराठी साहित्य संमेलनाच्या उद्घाटनासाठी लेखिका नयनतारा सहगल यांना दिलेलं निमंत्रण आयोजकांनी मागे घेतलं. तेव्हा उद्घाटनाच्या वेळी प्रेक्षकांत काही जणी सहगल यांचे मुखवटे लावून बसल्या. कोणाचं भाषण थांबलं नाही, कोणाला ओरडावं लागलं नाही, आणि जी बाई तिथे नव्हती ती सगळ्यांना दिसली. नवीन काही सुचत नसेल तेव्हा या मुखवट्यांची आठवण काढा.

काय चालत नाही ते थोडक्यात : न थांबणाऱ्या घोषणा, शिट्ट्या, माईकची वायर काढणं, फायर अलार्म वाजवणं, मंचावर चढणं. आणि एक गोष्ट हुशारीची वाटते म्हणून वेगळी सांगते. सगळ्या जागा आधीच अडवायच्या आणि भाषण सुरू होताच हॉल रिकामा करायचा, हा प्रकार. सभात्याग करायचा तर जरूर करा, पण ज्यांना ऐकायचंय ते जागा नाही म्हणून बाहेर ताटकळत असतील तर तुम्ही त्यांचं ऐकणं बंद केलंत, तेही आवाज न करता.

प्रश्न

माझ्या मते सगळी निदर्शनं प्रश्न विचारायच्या चाळीस सेकंदांसाठी असतात, आणि तयारी सगळ्यात कमी याचीच होते. प्रश्न कागदावर लिहून न्या. उभं राहिल्यावर पाय थरथरतात, आवाज चढतो, दोन वाक्यांत मुद्दा हरवतो. कागद असला की सावरता येतं.

सुरुवात वक्त्याच्याच शब्दांनी करा : ‘अमुक भाषणात तुम्ही असं म्हणालात.’ नेमकं वाक्य, जमल्यास तारखेसह. मग तुमची वस्तुस्थिती, एकच. मग प्रश्न, एकच, आणि तो खरोखर प्रश्न असू द्या. ‘तुम्हाला असं वाटत नाही का की तुम्ही समाजात फूट पाडताय?’ हा प्रश्न नाही, आरोप आहे. अनुभवी वक्ता त्यावर हसून दहा मिनिटं घेतो. आसनगावच्या त्या मुलीच्या चिठ्ठीकडे पुन्हा बघा. तिने आरोप केला नाही. त्याचं वाक्य घेतलं, स्वतःला समोर ठेवलं आणि उत्तर मागितलं. त्यातून सुटायला वाट नव्हती.

विचारून झालं की खाली बसा. उत्तर टोलवलं तर पुढच्या मित्राने उठून म्हणावं, ‘आधीच्या प्रश्नाचं उत्तर आलं नाही, तेच पुन्हा विचारतो.’ यासाठी पाच-सहा जण वेगवेगळ्या ठिकाणी बसा आणि क्रम ठरवून ठेवा. त्यात एखादी अशी व्यक्ती असू द्या जी कधीच माईकसमोर गेलेली नाही. तिच्याकडून आदल्या दिवशी कट्ट्यावर तीन वेळा म्हणून घ्या. मराठीत विचारायला लाजू नका. वक्ता इंग्रजीत बोलला म्हणून प्रश्नही इंग्रजीतच हवा असं नाही, आणि ज्या भाषेत तुम्ही भांडता त्याच भाषेत तुमचा प्रश्न टोकदार होतो.

प्रश्नोत्तरं ऐनवेळी रद्द झाली, किंवा चिठ्ठ्यांतून गोड-गोड प्रश्नच निवडले गेले, तर गोंधळ घालू नका. ‘आम्हाला विचारायचे होते ते पाच प्रश्न’ या नावाचं अर्ध्या पानाचं पत्रक आधीच झेरॉक्स करून ठेवा आणि बाहेर पडणाऱ्या प्रत्येकाच्या हातात द्या. उत्तर टाळलं गेल्याचं त्या पानावरूनच त्यांना कळेल.

आपल्यातल्याच कोणाचा तोल गेला तर

जाईल. हे गृहीत धरून दहा जणांमागे एक स्वयंसेवक ठेवा आणि त्याने स्वतः घोषणा द्यायच्या नाहीत. त्याचं काम चिडलेल्या मित्राच्या खांद्यावर हात ठेवून त्याला बाहेर चहाला नेणं. बाहेरून अनोळखी माणसं येऊन मिसळली तर तेही त्यानेच हेरायचं.

१२ ऑक्टोबर २०१५ रोजी मुंबईत पाकिस्तानचे माजी परराष्ट्रमंत्री खुर्शीद कसुरी यांच्या पुस्तकाचं प्रकाशन होतं. त्या सकाळी आयोजक सुधींद्र कुलकर्णी यांच्या तोंडाला काळं फासलं गेलं. ते तशाच काळ्या चेहऱ्याने पत्रकारांसमोर बसले. प्रकाशन वरळीच्या नेहरू सेंटरला त्याच संध्याकाळी पार पडलं. पाकिस्तानच्या धोरणांवर त्या दिवशी कितीतरी कठीण प्रश्न विचारता आले असते, पण दुसऱ्या दिवशी सगळीकडे छापून आला तो एक काळा चेहरा.

अमेरिकेतलं एक उदाहरण मला याहूनही जास्त लागतं. मार्च २०१७ मध्ये व्हरमाँटच्या मिडलबरी कॉलेजात, वंश आणि बुद्ध्यांकावरच्या लिखाणामुळे वादग्रस्त ठरलेले लेखक चार्ल्स मरे यांचं भाषण विद्यार्थ्यांनी घोषणांनी चालू दिलं नाही. ते दुसऱ्या खोलीतून थेट प्रक्षेपणाने करावं लागलं. नंतर बाहेर पडताना झालेल्या धक्काबुक्कीत जखमी झाल्या त्या ॲलिसन स्टँगर. त्या तिथल्याच प्राध्यापक. मरे यांच्या मतांच्या समर्थक म्हणून नव्हे, त्यांना अवघड प्रश्न विचारण्यासाठी त्या व्यासपीठावर होत्या. त्यांच्या मानेला इजा झाली. गर्दीला आपला आणि परका ओळखता येत नाही.

पोलीस आले तर

पळू नका, हुज्जत घालू नका, ओळखपत्र जवळ ठेवा. आदल्या दिवशी ‘एकशे एकोणपन्नासची नोटीस’ आली असेल, आता ते भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं १६८वं कलम आहे, तर ती ताकीद आहे, गुन्हा नव्हे. वाचून सही करा, फोटो काढून ठेवा. निघून जा असं सांगितलं तर मोठ्याने, सगळ्यांना ऐकू येईल असं म्हणा, ‘आम्ही शांतपणे जात आहोत,’ आणि खरोखर जा. हवालदाराचा हात झटकणं एवढंसं वाटतं, पण सरकारी कर्मचाऱ्यावर बळ वापरल्याचं कलम, जुनं ३५३ आणि आता न्याय संहितेतलं १३२, अजामीनपात्र आहे. त्या एका झटक्याने आठवडाभराची शिस्त मातीत जाते.

अटक झालीच तर कारण कळण्याचा, घरच्यांना कळवलं जाण्याचा आणि वकिलाशी बोलण्याचा हक्क आहे. चोवीस तासांत दंडाधिकाऱ्यांपुढे नेलं गेलं पाहिजे. अपवादात्मक परिस्थिती आणि दंडाधिकाऱ्यांची पूर्वपरवानगी असल्याशिवाय सूर्यास्तानंतर महिलेला अटक करता येत नाही. एका वकिलाचा नंबर मोबाईलमध्ये नाही, हातावर पेनने लिहून ठेवा. मोबाईल आधी काढून घेतला जातो.

आणि कॉलेजनेच व्याख्यान रद्द केलं तर

हा सगळ्यात अवघड भाग आहे. तुम्ही निवेदन दिलंत, कोणीतरी दुसऱ्याने धमकीचा फोन केला, आणि प्राचार्यांनी ‘कायदा-सुव्यवस्थेच्या कारणास्तव’ कार्यक्रमच रद्द केला. ग्रुपवर फटाके फुटतील. त्या वेळी तुम्ही काय करता यावर पुढच्या तीन वर्षांतलं तुमचं बोलणं अवलंबून राहील.

या शहरात कोणाकोणाचं बोलणं बंद झालं ते बघा. २०१०मध्ये एका विद्यार्थी संघटनेच्या मागणीनंतर मुंबई विद्यापीठाने रोहिंटन मिस्त्री यांची ‘सच अ लाँग जर्नी’ ही कादंबरी अभ्यासक्रमातून काढली. जानेवारी २०१८मध्ये विले पार्ल्याच्या भाईदास सभागृहात दलित नेते जिग्नेश मेवाणी आणि विद्यार्थी नेते उमर खालिद ज्यात बोलणार होते त्या विद्यार्थी संमेलनाला पोलिसांनी परवानगी नाकारली. ऑगस्ट २०२५मध्ये सेंट झेवियर्स कॉलेजचं, आदिवासी हक्कांसाठी लढलेले फादर स्टॅन स्वामी यांच्या नावचं स्मृतिव्याख्यान एका विद्यार्थी संघटनेच्या आक्षेपानंतर रद्द झालं. प्रत्येक वेळी कोणीतरी समाधानाने घरी गेलं असेल. पण आज तुमच्या नावडत्या वक्त्यासाठी जे कारण लेटरहेडवर छापलं गेलं, तेच कारण उद्या तुमच्या वक्त्यासाठी तारीख बदलून पुन्हा छापता येतं.

म्हणून कार्यक्रम धमकीमुळे रद्द झाला तर त्याच दिवशी दुसरं निवेदन द्या : आमचा विरोध कायम आहे, व्याख्यान नव्या तारखेला घ्या, आम्हाला प्रश्न विचारायचे आहेत. हवं तर १९८९चा रंगराजन खटला त्यात लिहा. एका तमिळ चित्रपटाबद्दलच्या त्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं आहे की निदर्शनांच्या किंवा हिंसेच्या धमकीपोटी अभिव्यक्ती दडपता येत नाही, संरक्षण देणं हे सरकारचं कर्तव्य आहे. असं निवेदन लिहिताना काही मित्र तुम्हाला फितूर म्हणतील. म्हणू दे. आमच्या ग्रुपमधून अशा एका पत्रावरून चार जण बाहेर पडले. त्यातले दोघे पुढच्या वर्षी त्यांचा स्वतःचा कार्यक्रम अडवला गेला तेव्हा त्या पत्राची प्रत मागायला आले, आणि ती त्यांना दिली.

त्याच संध्याकाळी

फलक स्वतः उतरवा, हॉलबाहेर पडलेली पत्रकं गोळा करा, शिपाईमामांना आणि सुरक्षारक्षकांना सांगून निघा. घरी जाण्याआधी अर्धा तास बसा आणि प्रत्येक प्रश्नापुढे वक्त्याने काय उत्तर दिलं ते जसंच्या तसं लिहून काढा, ज्याने तुम्हाला निरुत्तर केलं तेही. मंडळाकडे ध्वनिमुद्रण असेल तर त्याची प्रत मागा. प्रश्न आणि उत्तरं शेजारी-शेजारी ठेवून दोन पानं तयार करा, सोमवारी नोटीस बोर्डाशेजारी लावायची रीतसर परवानगी घ्या, आणि खाली पुढच्या पंधरवड्यातल्या तुमच्या वक्त्याचं नाव, वार आणि वेळ लिहा. त्या कार्यक्रमाला कोणी काळी फीत लावून आलं तर त्याला पुढच्या रांगेत जागा द्या आणि पहिला प्रश्न त्याचा घ्या.